रंगदृष्टीची तपासणी शाळेतच व्हावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दर वर्षी शाळा सुरू झाल्या की आरोग्य पथक येते. मुलांचे वजन आणि उंची मोजली जाते, दात, कान, त्वचा पाहिली जाते आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून नजर तपासली जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून सरकारी आणि अनुदानित शाळांत हे काम होत आहे. त्यामुळे कितीतरी मुलांना वेळेवर चष्मे मिळाले, काहींच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे मी शाळेत राहून पाहिले आहे. या कार्यक्रमात तपासायच्या दोषांच्या यादीत दृष्टिदोष आहे, अ जीवनसत्त्वाचा अभावही आहे; रंगदृष्टीचा, म्हणजे रंग वेगवेगळे ओळखण्याच्या क्षमतेचा, मात्र वेगळा उल्लेख नाही. ही एक गोष्ट राहून गेल्याची किंमत आपल्या सातारा जिल्ह्यातील मुलांना फार मोजावी लागते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सातारा हा सैनिकांचा जिल्हा आहे, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली, अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला, आणि आजही कोरेगाव, खटाव, माण किंवा पाटण तालुक्यातल्या कोणत्याही रस्त्याने पहाटे निघावे तर भरतीसाठी धावणारी मुले भेटतातच. अग्निवीर भरती साडेसतराव्या वर्षापासून खुली होत असल्याने मुले दहावी होताच तयारीला लागतात. घरची माणसे खुराकाची आणि अकादमीच्या फीची तजवीज करतात, प्रसंगी उसनवारी करतात. लेखी परीक्षा होते, धावणे होते, पुल-अप्स होतात, आणि हे सगळे पार पडल्यावर वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांच्या पानावरचा आकडा वाचता आला नाही म्हणून एखादा मुलगा बाहेर पडतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे असेच झाले. ‘डोळ्यांत दोष आहे’ एवढेच त्याच्या वडिलांना कळले. त्यांनी त्याला चष्म्याच्या दुकानात नेऊन नंबर तपासला, तर नंबर निघालाच नाही, आणि घरात सर्वांचा असा समज झाला की पोराला मुद्दाम वगळले. जो दोष जन्मापासून डोळ्यांत आहे आणि जो ओळखायला दोन-तीन मिनिटे पुरतात, तो मुलगा विशीला टेकल्यावर, एवढे कष्ट आणि पैसा खर्ची पडल्यावर कळावा, ही गोष्ट टाळता येण्यासारखी आहे.

नजर उत्तम असूनही रंगदृष्टी अधू कशी असू शकते, हा प्रश्न पालक वारंवार विचारतात, आणि त्याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. शाळेतल्या तक्त्यावरची अक्षरे काळी असतात आणि कागद पांढरा असतो. ती वाचायला डोळ्याला एवढेच कळावे लागते की येथे उजेड जास्त आहे आणि तेथे कमी, आणि त्यांच्यामधली कड स्पष्ट दिसावी लागते. तांबडा आणि हिरवा वेगळा न ओळखणारा मुलगा हा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचतो, कारण त्याच्या डोळ्याचे भिंग आणि बाहुली ठीक असते. उणीव असते ती दृष्टिपटलातील, म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्यातील, एका प्रकारच्या पेशींमध्ये, किंवा अधिक नेमके सांगायचे तर त्या पेशींतील एका प्रथिनामध्ये.

आपल्या प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकूपेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, शंकूपेशी भरपूर उजेडात. शंकूपेशींचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार सुमारे ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर जांभळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, दुसरा ५३० च्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला आणि तिसरा ५६० च्या आसपासच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला. तिसऱ्या प्रकाराला आपण सोयीसाठी ‘लाल’ शंकूपेशी म्हणतो, पण तिचा सर्वाधिक प्रतिसाद लाल प्रकाशाला नसतोच, हे ऐकून विद्यार्थी नेहमी चकित होतात. लाल पेशी लाल ओळखते, हिरवी हिरवा ओळखते, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात कोणतीही एक पेशी एकटीने रंग ओळखू शकत नाही. प्रकाशाचा कण एकदा शोषला गेला की तो ५०० नॅनोमीटरचा होता की ६०० चा, ही माहिती तेथेच संपते, आणि पेशीकडे उरतो तो फक्त किती कण शोषले गेले याचा हिशेब. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉली चढली की काटा टनांचा आकडा दाखवतो, ऊस आडसाली आहे की खोडवा हे त्याला कळत नाही, तसेच हे आहे. अंधूक पिवळा प्रकाश आणि झगझगीत लाल प्रकाश या दोन्हींना एखादी पेशी अगदी सारखाच प्रतिसाद देऊ शकते.

मग रंग कळतो कसा? तीन प्रकारच्या पेशींचे हिशेब एकमेकांशी ताडून पाहिल्यावर कळतो. एकाच जागेवरून आलेल्या प्रकाशाला तीन प्रकारांनी किती-किती प्रतिसाद दिला, त्या प्रमाणातून रंगाची जाणीव तयार होते. तीनच प्रकारच्या ग्रहणशील घटकांवर सारे रंग उभे असावेत, ही कल्पना थॉमस यंग यांनी १८०२ मध्ये मांडली आणि हेल्महोल्ट्झ यांनी पुढे ती विस्ताराने सिद्धान्तरूपात आणली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनला लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून काढलेली तीन छायाचित्रे पडद्यावर एकावर एक पाडून रंगीत चित्र दाखवले, तेही याच आधारावर. आज आपल्या खिशातल्या मोबाईलचा पडदा त्याच तत्त्वावर चालतो. सांगलीच्या बाजारातल्या हळदीचे छायाचित्र मोबाईलवर पिवळेधमक दिसते, पण पिवळा प्रकाश सोडणारा ठिपका त्या पडद्यावर नसतो. लाल आणि हिरवे ठिपके मिळून शंकूपेशींकडून तेच प्रमाण उमटवतात आणि मेंदू त्याला पिवळा म्हणतो.

एकाच प्रकारच्या पेशीला रंग कळत नाही याचा पुरावा आपल्यापैकी प्रत्येक जण रोज घेऊ शकतो. दंडपेशी एकाच प्रकारच्या असतात, त्यांच्यातील ऱ्होडॉप्सिन या रंगद्रव्याचा सर्वाधिक प्रतिसाद ५०० नॅनोमीटरच्या आसपास असतो, आणि उजेड फार मंद झाला की केवळ त्याच काम करतात. म्हणून पहाटेच्या अंधारात धावणाऱ्या मुलांपैकी कोणालाही सोबत्याच्या शर्टाचा रंग सांगता येत नाही. त्या वेळी सारेच रंगांच्या बाबतीत एका पातळीवर असतात. दंडपेशींना तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे तांबडे फूल त्या वेळी काळे दिसते आणि निळे फूल त्या मानाने उजळ दिसते. बोहेमियातील शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे निरीक्षण १८२५ मध्ये नोंदवले आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दंडपेशींची संवेदनक्षमता मात्र थक्क करणारी आहे. हेश्ट, श्लेर आणि पिरेन यांनी १९४२ मध्ये प्रयोगाने दाखवले की अंधाराला पुरेशा सरावलेल्या डोळ्याला प्रकाशाची जाणीव व्हायला दृष्टिपटलात पाच ते चौदा प्रकाशकण शोषले गेले तरी पुरतात. हा सराव व्हायला वेळ लागतो. भर उजेडातून अंधारात गेल्यावर शंकूपेशी दहाएक मिनिटांत सावरतात, दंडपेशींना अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक लागतो.

या चारही प्रकारच्या पेशींमध्ये प्रकाश टिपणारा मूळ रेणू एकच आहे आणि तो अ जीवनसत्त्वापासून बनतो. रेटिनल हे त्याचे नाव. तो ऑप्सिन नावाच्या प्रथिनात वाकलेल्या स्थितीत बसलेला असतो. प्रकाशाचा कण आदळताच तो सरळ होतो, आणि हा बदल एका सेकंदाच्या लक्ष कोटी भागाइतक्या काळाच्याही आत घडतो. त्यामुळे प्रथिनाचा आकार बदलतो, पेशीत रासायनिक क्रियांची मालिका सुरू होते, आणि पेशी अंधारात सतत जो रासायनिक संदेश सोडत असते तो कमी होतो. म्हणजे पुढच्या चेतापेशींना प्रकाशाची वर्दी मिळते ती संदेश वाढल्याने नव्हे, घटल्याने. रेटिनलवरच्या संशोधनासाठी जॉर्ज वाल्ड यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक ग्रॅनिट आणि हार्टलाइन यांच्यासह मिळाले. रेणू एकच असताना तीन शंकूपेशी तीन वेगवेगळ्या तरंगलांबींना प्रतिसाद देतात, कारण प्रत्येकीतील ऑप्सिन प्रथिन थोडे निराळे असते आणि तेच त्या रेणूला निराळे वळण लावते.

ही बाब मी मुद्दाम सविस्तर लिहिली आहे, कारण आपल्याकडे रातांधळेपणा आणि रंगदृष्टीचा दोष यांची हमखास गल्लत होते. रातांधळेपणा बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाच्या अभावातून येतो. मूळ रेणूच कमी पडल्याने प्रथम दंडपेशी अडतात, आणि जीवनसत्त्व मिळाले की त्या पूर्ववत होतात. म्हणूनच बाळाला नवव्या महिन्यात एक लाख एककांचा आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा डोस दिला जातो. रंगदृष्टीच्या जन्मजात दोषात मात्र जीवनसत्त्व पुरेसे असते. उणीव असते ती प्रथिनाची कृती सांगणाऱ्या जनुकात. त्यामुळे गाजर, पपई, शेवग्याचा पाला कितीही खाल्ला तरी, आणि तो जरूर खावा, या दोषात फरक पडत नाही. सुरमा, अंजन, डोळ्यांचे व्यायाम यांनीही पडत नाही.

जनुकांची गोष्ट १९८६ मध्ये उलगडली. जेरेमी नेथन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्ही शंकूपेशींच्या प्रथिनांची जनुके वेगळी काढली, तेव्हा असे दिसले की ‘लाल’ आणि ‘हिरव्या’ प्रथिनांची जनुके एक्स गुणसूत्रावर अगदी शेजारी-शेजारी आहेत आणि ती प्रथिने सुमारे ९६ टक्के एकसारखी आहेत. दोन जवळजवळ सारखे मजकूर शेजारी असल्यामुळे पेशीविभाजनात गुणसूत्रांची देवाणघेवाण होताना चूक होणे सोपे जाते: एखादे जनुक गळते, किंवा अर्धे एकाचे आणि अर्धे दुसऱ्याचे असे मिश्र जनुक तयार होते. जनुक गळाले तर तीनऐवजी दोनच प्रकारच्या शंकूपेशी काम करतात. मिश्र झाले तर प्रकार तीनच राहतात पण दोघींचे प्रतिसाद एकमेकांच्या फार जवळ येतात, आणि फरक ताडून पाहण्याला वाव कमी उरतो. हा दुसरा, सौम्य ते मध्यम प्रकार अधिक आढळतो. निळ्या शंकूपेशीचे जनुक सातव्या गुणसूत्रावर, म्हणजे या भानगडीपासून दूर आहे, म्हणून निळ्या-पिवळ्याचा जन्मजात दोष अतिशय विरळ आहे.

मुलग्याला एक्स गुणसूत्र एकच असते आणि ते आईकडून येते. मुलीला दोन असतात, एक बिघडले तरी दुसरे सांभाळून घेते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हा दोष सुमारे आठ टक्के आणि स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळतो. भारतात केलेल्या पाहण्यांत पुरुषांमधले प्रमाण साधारणपणे त्याहून कमी आढळले आहे, पण ते तीन टक्के धरले तरी तीस-पस्तीस मुलग्यांच्या वर्गात एक मुलगा असा असणार. अनेकदा आजोळच्या आजोबांकडून आईमार्फत तो नातवाकडे येतो. आईला स्वतःला काहीच जाणवत नाही. येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ‘आईकडून येतो’ हे अर्धे वाक्य घराघरांत फिरले तर त्याचा बोल सुनेला लावला जाईल, ही भीती मला खरोखर वाटते. जनुकाची ही वाटणी कोणाच्या वागण्यावर, खाण्यावर किंवा इच्छेवर अवलंबून नसते, आणि ज्या एक्स गुणसूत्रावर हे जनुक आईला मिळाले ते तिला तिच्या आई किंवा वडिलांकडूनच आलेले असते. तपासणी करणाऱ्यांनी पालकांना हे दोन्ही भाग एकत्रच सांगावेत.

हा दोष इतका झाकलेला राहतो तो मुलांच्या हुशारीमुळे. अशा मुलाला जग कृष्णधवल दिसत नाही. त्याला निळे, पिवळे, उजळ, गडद हे सारे दिसते, फक्त तांबडा, हिरवा, तपकिरी, नारिंगी यांच्या काही छटा एकमेकांत मिसळतात. पान हिरवे आणि कौल तांबडे असते हे तो ऐकून शिकतो आणि विचारल्यावर बरोबर सांगतो. स्वतःला काही कमी दिसते आहे हे त्याला कळावे तरी कसे, कारण त्याने दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी कधी पाहिलेले नसते. अणूविषयीच्या सिद्धान्तासाठी ज्यांचे नाव आमचे विद्यार्थी पाठ करतात ते जॉन डाल्टन यांच्याबाबतीतही असेच घडले. वयाच्या पंचविशीनंतर, जिरॅनियमचे गुलाबी फूल आपल्याला दिवसा आकाशी आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसते आणि इतरांना तसे दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १७९४ मध्ये मँचेस्टरला त्यांनी त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा असे त्यांना वाटत होते, आणि मृत्यूनंतर डोळा उघडून पाहावा अशी त्यांची इच्छा होती. १८४४ मध्ये ते वारल्यावर तसे केले, तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या अवशेषांवर १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि त्यांच्याकडे ‘हिरव्या’ शंकूपेशीचे रंगद्रव्यच नव्हते, हे दीडशे वर्षांनी कळले.

पालकांनी आणि शिक्षकांनी लक्ष दिले तर काही खुणा दिसतात. झाडाचे खोड हिरवे आणि पाने तपकिरी रंगवणारे मूल बहुधा वेंधळे ठरते, आणि पुढे ते खडूच्या पेटीतल्या वेष्टनावरचे नाव वाचून रंग निवडायला शिकते. महाबळेश्वर-पाचगणीच्या मळ्यात पिकलेली स्ट्रॉबेरी हिरव्या पानांतून इतरांना लांबूनच दिसते, त्याला मात्र जवळ जाऊन आकारावरून शोधावी लागते. मिरचीच्या तोड्यात लाल झालेली मिरची त्याच्या हातून मागे राहते. कासच्या पठारावर सप्टेंबरात गुलाबी तेरडा आणि जांभळ्या-निळ्या सीतेच्या आसवांचे गालिचे शेजारी-शेजारी पसरलेले असतात. दोन्हींचा रंग एकच आहे असे जे मूल सांगते त्याची तपासणी करून घ्यावी. वर्गात हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलेले त्याला वाचता येत नाही, नकाशात जंगल आणि पठार यांचे रंग वेगळे दिसत नाहीत, लिटमसचा बदल सांगताना ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. अशा मुलाला बोलणी बसतात आणि ते मुकाट ऐकून घेते, कारण आपली बाजू मांडायला त्याच्याजवळ माहितीच नसते.

सैन्याने किंवा रेल्वेने लावलेली अट अन्यायाची आहे, असे माझे म्हणणे नाही. रस्त्यावरच्या सिग्नलला लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो, त्यामुळे रंग न ओळखताही जागेवरून अर्थ लावता येतो. रात्री लांबून दिसणाऱ्या रेल्वेच्या एकाच दिव्याचा अर्थ केवळ रंगातच असतो. स्वीडनमध्ये १८७५ मध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला लावून रेल्वे कर्मचाऱ्यांची रंगदृष्टी तपासण्याची पद्धत सुरू केली आणि ती अनेक देशांत गेली. त्या अपघाताचे कारण खरोखरच रंगदृष्टीचा दोष होते का, याविषयी पुढे अभ्यासकांनी शंका घेतली आहे, पण तपासणी रास्त होती यात शंका नाही. आपल्याकडेही लोको पायलटसाठी रंगदृष्टीचा निकष कडक आहे आणि तो तसाच असावा. वीजजोडणीत फेजच्या लाल, पिवळ्या, निळ्या तारा आणि अर्थिंगची हिरवी तार ओळखावी लागते, म्हणून आयटीआयला वीजतंत्री शाखा निवडण्याआधीही हे माहीत असलेले बरे.

दुसरीकडे, दारे उघडी असूनही ती बंद आहेत असे समजून मागे फिरणारी मुलेही आहेत. वाहन परवान्याच्या नमुन्यांत केंद्र सरकारने २०२० मध्ये बदल केला आणि सौम्य व मध्यम दोष असणाऱ्यांना परवाना मिळण्याचा मार्ग मोकळा केला. वैद्यकीय प्रवेशाचा प्रश्न २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात विद्यार्थ्यांच्या बाजूने सुटला. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या सर्व अभ्यासक्रमांना अशा विद्यार्थ्यांना प्रवेश द्यावा असा निकाल दिला. शेती, वकिली, शिक्षण, हिशेब, संगणक या क्षेत्रांत तर अडसर नाहीच. आठवीत असतानाच हे सारे कळले तर मुलगा आपली दिशा शांतपणे ठरवू शकतो. सैन्यातही निरनिराळ्या कामांसाठी रंगदृष्टीच्या निरनिराळ्या पातळ्या आहेत. आपली पातळी आधी माहीत असेल तर कशासाठी अर्ज करावा हे ठरवता येते.

तपासणीला लागणारे साहित्य म्हणजे इशिहारा चाचणीचे, म्हणजे वर उल्लेखलेल्या रंगीत ठिपक्यांच्या पानांचे, एक पुस्तक. टोकियोचे नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. ठिपक्यांचा आकार आणि उजळपणा मुद्दाम कमी-जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे उजेड-अंधाराच्या फरकावरून आकडा शोधता येत नाही आणि केवळ रंगाच्या फरकानेच तो दिसतो. पुस्तक खिडकीजवळच्या नैसर्गिक उजेडात, सुमारे पाऊण मीटर अंतरावर धरावे आणि एका पानाला तीनेक सेकंद द्यावेत. पिवळ्या बल्बखाली, झेरॉक्सवर किंवा मोबाईलच्या पडद्यावर ही चाचणी विश्वासार्ह राहत नाही, कारण छापलेल्या शाईच्या छटांवरच तिचा सारा भरवसा आहे. चाचणीत शंका आली तर निदान शिक्षकाने करू नये. जिल्हा रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे, कारण दोषाचा प्रकार आणि तीव्रता ठरवण्याच्या वेगळ्या चाचण्या आहेत.

भरतीची तयारी करणारी काही मुले या पुस्तकातले आकडे पाठ करतात. पानांचा क्रम बदलला किंवा दिव्यांची चाचणी घेतली की हे उघडे पडते, आणि समजा नाही पडले, तर सिग्नल ओळखू न शकणारा माणूस सिग्नल ओळखण्याच्या कामावर जाऊन बसतो. रंगीत काचांचे महागडे चष्मेही विकले जातात. त्यांनी काही छटांमधला फरक ठळक होऊ शकतो, पण डोळ्यात नसलेली शंकूपेशी त्यातून येत नाही, आणि भरतीच्या तपासणीत त्यांचा उपयोग नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये जन्मतः तांबडे-हिरवे न ओळखणाऱ्या स्क्विरल जातीच्या माकडांच्या दृष्टिपटलात माणसाचे जनुक पोहोचवून त्यांना ते रंग ओळखायला लावले, ही आशेची बातमी खरी आहे. पण माणसांसाठी असा उपचार आज रुग्णालयात उपलब्ध नाही. तेव्हा ‘रंगदृष्टी बरी करून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण आणि आरोग्य या दोन्ही विभागांना माझी विनंती आहे की इयत्ता आठवीच्या वार्षिक तपासणीत रंगदृष्टीचा समावेश करावा, प्रत्येक पथकाकडे मूळ छापील पुस्तक असावे आणि रंग फिके पडलेले पुस्तक वेळेवर बदलावे. ही तपासणी वर्गासमोर रांग लावून करू नये. एका मुलाला स्वतंत्र खोलीत बोलावून ती करावी आणि निकाल फक्त पालकांना समक्ष सांगावा, कारण शाळेत एकदा नाव पडले की ते दहावीपर्यंत सुटत नाही. भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकादम्यांनी फी घेण्याआधी ही चाचणी करून घेण्याची अट घातली तर अनेक कुटुंबांचे पैसे वाचतील, आणि चांगल्या अकादम्यांना यात काही अडचण असण्याचे कारण दिसत नाही. माझ्या सहकारी शिक्षकांना मात्र कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागणार नाही: फळ्यावर महत्त्वाचे शब्द पांढऱ्या किंवा पिवळ्या खडूने लिहावेत, आलेखातील रेषा केवळ रंगाने वेगळ्या न दाखवता तुटक आणि सलग अशाही काढाव्यात, आणि नकाशाच्या रंगांवर प्रदेशाचे नाव लिहावे.

आपली नम्र,
माध्यमिक शाळेतील एक विज्ञान शिक्षिका,
ता. कोरेगाव, जि. सातारा